लाभ, दोन, तीन

तमाम वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, दर रविवारी सोपानरावांच्या मागून आम्ही अकरा माणसे डोंगरावर जात असू, उतरताना बारा भरत असू आणि घरी पुन्हा अकराच पोचत असू. ही छपाईची चूक नव्हे. मोजणारे सोपानराव आमच्या कंपनीचे स्टोअरकीपर होते, आणि त्यांच्या स्टोअरमधला एक नट कधी इकडचा तिकडे झाला नाही.

सोपानराव मूळचे कुरुळीचे. त्या दिवसांत, म्हणजे सत्तर सालानंतर, चिंचवडला इतके कारखाने उभे राहिले होते की आम्हा ड्रॉइंग ऑफिसवाल्यांना हिरवा म्हणजे मशीनचा रंग एवढंच ठाऊक. या लोकांना जनावरं दाखवायची, असं सोपानरावांनी मनावर घेतलं. एसटीने चाकणच्या पुढे जायचं, फाट्यावर उतरायचं आणि तिथून पायी डोंगर.

एकच अडचण होती. चार वर्षांत त्यांनी आम्हाला एकही जनावर दाखवलं नाही. जनावर जिथून गेलं, ती जागा तेवढी दाखवली.

"ह्ये बगा, साळिंदर. आत्ताच गेलं." खाली काळा-पांढरा काटा पडलेला.

"हितं तरस हुतं. आत्ताच उठलं." गवत दबलेलं. मी एकदा तिथे हात टेकवला. जमीन कोमट लागली. दिवसभर तो हात मी खिशात घातला नाही.

आमच्यात लेथवरचा इस्माईल होता, दापोडीचा. त्याची जीभ त्याच्या लेथपेक्षा जोरात फिरायची. "काय सोपानराव, जनावरांना आपला टाइम कळतो काय? आपण आलो की यांची शिफ्ट सुटते!"

"हळू बोल, इस्माईल. ऐकत्यात."

कोण ऐकतंय, ते काही सांगायचे नाहीत.

उतरताना ओढ्याकाठच्या बाभळीपाशी मोजणी व्हायची. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. सोपानराव माणसंही तशीच मापत. "एक म्हनलं की मानूस एकटं पडतं," हे त्यांचं शास्त्र. ते 'लाभ' म्हणत, तेव्हा त्यांचा हात रांगेच्या पुढे, मोकळ्या हवेत, कुणाच्या तरी खांद्यावर ठेवावा तसा टेकायचा. मग माझ्या डोक्यावर 'दोन'. शेवटच्या माणसाला 'बारा'.

"स्वतःला धरलंत का?" मी एकदा विचारलं.

"मापणाऱ्याला मापात धरत्यात व्हय?"

"मग हा बारावा कोण? ओव्हरटाइमवाला?" इस्माईल म्हणाला. आम्ही हसलो. पण त्यानंतर रांगेत पहिलं उभं राहायला कुणी तयार होईना. मीच राहायचो. धीट होतो म्हणून नाही. सगळ्यांत मागे उभं राहायची मला त्याहून भीती वाटायची.

श्रावणातला एक रविवार. भर दुपारी असं धुकं उतरलं की पुढच्या माणसाची पाठ दिसेना. कसेबसे बाभळीपाशी आलो, रांग लावली. सोपानरावांनी नेहमीसारखा पुढे हात केला, आणि तो हात हवेत कडी चाचपावी तसा फिरत राहिला. बराच वेळ. मग तो माझ्या डोक्यावर आला. गार पडला होता.

"लाभ."

शेवटचा आकडा आला अकरा.

इस्माईलने टाळी दिली. "वा राव! चार वर्षांनी मोजणी बरोबर आली!"

सोपानरावांनी पुन्हा मोजलं. पुन्हा अकरा. "एक कमी हाय," ते म्हणाले. "सरू वर राहिली."

सरूबाई त्यांची बायको. आमच्या सहली सुरू व्हायच्या आदल्या वर्षी ती तापाने गेली. तिच्या दहाव्याला आम्ही सगळे होतो.

"डोंगर तिचा," ते रोजच्या आवाजात बोलत होते. "सरपनाला यायची. कुटं काय बसतं, तिनंच दावलं मला. ती म्होरं, मी मागनं. धुक्यात वाट चुकली आसंल. तुमी व्हा फाट्यावर, मी आनतो तिला."

वरची वाट वीतभर रुंद, आणि तिच्या डाव्या अंगाला सरळ कडा. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो हळूच सोडवला.

"सोडा. ती एकटी हाय वर."

दोन पावलांत ते कमरेपर्यंत धुक्यात गेले. पाचची एसटी शेवटची. 'सरूबाई नाही' एवढंच म्हणायचं होतं, पण अकरांपैकी एकाचीही जीभ वळेना.

तेवढ्यात वरच्या वाटेवरून एक खडा गडगडत आला आणि आमच्या पायाशी थांबला. मग दुसरा. सांभाळून उतरणाऱ्या माणसाच्या पायाखालून सुटावेत तसे.

इस्माईलचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण धावला तोच. सोपानरावांचा दंड त्याने घट्ट धरला आणि वर, धुक्यात बघत, सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असा ओरडला,

"भाभी, सावकाश उतरा! एसटी गेली तर जाऊ दे, आम्ही सगळे थांबलोय!"