साळिंदररावांनी व्हाइस पारखला

एका जंगलात, बहुधा नदीच्या अलीकडे, साळिंदरराव राहत होते. पलीकडेही राहत असतील. आता नीट आठवत नाही, आणि आठवतंय असं वाटलं की शंका वाढतेच. ते फार शिकलेले होते, मुलांनो. त्यामुळे त्यांना कशाचीच खात्री नसे.

त्यांच्या बिळाच्या दाराची बिजागरी वाकली होती. दार लागत नव्हतं. आत दोन पिल्लं होती, आणि दिवस कलला की बाहेर एक तरस घिरट्या घालायचं.

"अहो, दगडावर ठेवून ठोका ना ती," साळूबाई म्हणाल्या.

"अगं, धरायला व्हाइस नको? लोखंडी जबड्यांत घट्ट धरली, की एका ठोक्यात सरळ!"

झालं. साळिंदरराव वानरशेठच्या दुकानी खेपा घालू लागले. व्हाइस बिडाचा घ्यावा की पोलादाचा? जबडे रुंद हवेत की खोल? पेचात खेळ, म्हणजे ढिलाई, किती? त्यांनी गेंड्याला विचारलं. मग सुतारपक्ष्याला विचारलं. दोघांचं जुळेना, म्हणून पुन्हा गेंड्याला विचारलं.

"राव, व्हाइस घेताय की सून बघताय?" वानरशेठ म्हणाला.

इकडे साळूबाई रोज संध्याकाळी दाराला पाठ देऊन बसत. त्यांची कंबर पार मोडून गेली.

अखेर व्हाइस आला. उजेड हवा म्हणून रावांनी तो बिळाच्या तोंडाशी, एका ओंडक्यावर बसवला. त्या जंगलाची रीत अशी, की नवं हत्यार आधी स्वतःच्या अंगावर पारखायचं. राव बिळात तोंड करून उभे राहिले. पाठीचे चार काटे जबड्यांत दिले. साळूबाईंनी दांडा फिरवला.

"बास?"

"अजून पीळ."

"आता?"

"वा! तसूभर हलत नाही. काय वस्तू आहे! हं, सोड आता."

तेवढ्यात तरस आलं. साळूबाई फटीतून आत सरकल्या. भीतीने रावांचे उरलेले काटे ताठ उभे राहिले. तरसाने उघडं दार पाहिलं, खुशीत नाक पुढे केलं, आणि केकाटत पळालं.

साळूबाई त्या दिवशी कित्येक आठवड्यांनी आडव्या झाल्या. रावांना सकाळी सोडवलं.

दुसऱ्या दिवशी, दिवस कलताना, त्या म्हणाल्या, "अहो, पेचात जरा खेळ आलाय वाटतं."

"खेळ? शक्यच नाही!" राव पाठ करून उभे राहिले. "पीळ बघू."

असं रोज. बिजागरीचं राहूनच गेलं.

तात्पर्य : मुलांनो, व्हाइस घ्यायचा तर अगदी उत्तम, जन्माचा पारखून घ्यावा. म्हणजे ज्या कामासाठी घेतला ते करावंच लागत नाही. साळिंदराचा काटा हिसडा दिला की आपोआप सुटून येतो, याची रावांनी पुढे बऱ्याच वर्षांनी खात्री करून घेतली. साळूबाईंना ते पहिल्यापासून ठाऊक होतं.