‘येतो’ या बटणाविषयी काही मार्गदर्शक तत्त्वे

माणसाची अडचण कायमची सुटणे ही कोणत्याही मोबाइल ॲपच्या दृष्टीने अत्यंत गंभीर दुर्घटना असते. अडचण सुटलेला माणूस फोन खिशात ठेवतो आणि खिडकीबाहेर बघू लागतो. असा माणूस आपल्या काहीही उपयोगाचा नाही. म्हणून यशस्वी ॲप काढू इच्छिणाऱ्या होतकरूंनी पहिल्याच दिवशी मनाशी खूणगाठ बांधावी की आपल्याला अडचण सोडवायची नसून सांभाळायची आहे.

हे मी अधिकाराने सांगतो. आमचे ॲप आजमितीस एकोणीस लाख लोकांच्या फोनमध्ये आहे. (पैकी अकरा लाखांना ते काढून कसे टाकावे हे सापडलेले नाही. त्यांची नोंद आम्ही ‘निष्ठावान वापरकर्ते’ या सदरात करतो.)

प्रथम अडचण शोधावी. त्यासाठी काखेत कळसा असताना गावाला वळसा घालू नये. माझी अडचण घरातलीच होती, म्हणजे आई. आई छापखान्यात मुद्रितशोधक होती. चौतीस वर्षे तिने लोकांच्या चुका काढल्या आणि निवृत्तीनंतर तेच काम माझ्यावर सुरू ठेवले. ती शहराच्या त्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, मी या टोकाला. तिच्याकडून निघताना ती दारातून म्हणायची, “पोचलास की कळव.” मी पोचायचो, कळवायचो नाही. मग तिचाच फोन.

“पोचलास का?”

“अगं, केव्हाच!”

“मग सांगायला काय तोंड दुखत होतं?”

या प्रश्नावर कायमस्वरूपी उपाय म्हणून दोन बटणांचे ॲप काढायचे ठरले. घराबाहेर पडताना ‘निघालो’ दाबायचे, मुक्कामी पोचल्यावर ‘पोचलो’. दोन्ही वेळा मागे राहिलेल्या माणसाला निरोप जाणार. इतकेच. यावरून आमच्या तेव्हाच्या अननुभवाची कल्पना यावी.

दुसरे तत्त्व असे की प्रोग्रॅमर म्हणून मेहुणा ठेवावा. त्याला आपण काढून टाकू शकत नाही आणि तोही आपल्याला सोडून जाऊ शकत नाही. माझ्या बायकोचा हा भाऊ अत्यंत हुशार आहे, फक्त बोललेले तंतोतंत घेतो. (आमच्या लग्नात मी त्याला “घर आपलंच समज” असे म्हणालो होतो. तो अजून आमच्याकडेच असतो.)

‘निघालो’ हा शब्द मात्र आईने पहिल्या भेटीतच खोडला. “घरातून बाहेर पडताना ‘निघालो’ काय रे? ‘येतो’ म्हणावं माणसानं.” मुद्दा बिनतोड होता. आपल्या भाषेत जाणारा माणूस कधी ‘जातो’ म्हणत नाही, तो ‘येतो’ म्हणूनच जातो. बटणावर ‘येतो’ आले. (‘येते’ हा पर्याय सहाव्या आवृत्तीत देण्यात आला. तोवर स्त्रियांना तांत्रिकदृष्ट्या घराबाहेर पडता येत नव्हते.)

मेहुण्याने नेहमीप्रमाणे नीट विचार केला. माणूस ‘येतो’ म्हणाला, त्याअर्थी तो येत आहे. त्यामुळे कोणी घराबाहेर पाऊल टाकून बटण दाबले की घरातल्या फोनवर निरोप वाजू लागला: ‘तुमची व्यक्ती येत आहे. अंदाजे वेळ चार मिनिटे.’ पहिल्या आठवड्याची आकडेवारी जशीच्या तशी देतो.

घराबाहेर पडलेले: ६,२१४.
ॲपच्या मते घरी येत असलेले: ६,२१४.
चार मिनिटांत खरोखर आलेले: ९ (किल्ली विसरलेले ५, छत्री विसरलेले ३, भांडून गेलेला व जिन्यातच विरघळलेला १).
नुकतेच लावलेले दार पुन्हा उघडून उभे राहिलेले: मोजणे सोडून दिले.

मी कपाळावर हात मारला आणि मेहुण्याला म्हणालो, “अरे, हे आत्ताच्या आत्ता दुरुस्त कर.”

“थांबा भावोजी,” तो म्हणाला, “आधी हे बघा.”

त्याने दाखवले की वाट बघणारा माणूस दिवसातून सरासरी अडतीस वेळा ॲप उघडतो. पोचलेल्या माणसाचा निरोप एकदाच बघतात, तोही अर्धवट. आम्ही हा तक्ता घेऊन ॲपमध्ये पैसे घातलेल्या, काचेच्या खोलीत बसणाऱ्या वरच्या मंडळींकडे गेलो. त्यांच्यातल्या सर्वांत गप्प गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आले. “तुम्ही वाट बघण्याला बटण लावलंत,” ते म्हणाले. चूक दुरुस्त करण्याचा प्रस्ताव तिथेच बारगळला.

मग ‘पोचलो’ या बटणाचा धोका सर्वांच्या लक्षात आला. दुसऱ्या आवृत्तीत ते फिकट करण्यात आले, तिसऱ्या आवृत्तीत सेटिंगमध्ये भाषा आणि आवाज यांच्या खाली गेले आणि चौथ्यात लोकाग्रहास्तव काढून टाकण्यात आले. (लोक: दोन. दोघेही काचेच्या खोलीतले.) तेव्हापासून आमचा ‘एकूण येणारे’ हा आलेख फक्त वर जातो. त्यातून वजा व्हायला कोणी उरलेलेच नाही.

या काळात आमच्या एक्केचाळीस पानी अटी व शर्ती संपूर्ण वाचणारी एकच वापरकर्ती निघाली. तिने त्र्याहत्तर चुका रेघांच्या कागदावर उतरवून टपालाने पाठवल्या. तिला आमच्या यंत्रणेकडून आपोआप उत्तर गेले, ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’ त्यावर तिचे दुसरे पत्र आले: “मोलाचा असेल तर वाच. – आई.”

पुढे आईच्या त्याच डोळ्यांत मोतीबिंदू झाला. जन्मभर बारीक टाइप वाचलेल्या बाईला अक्षरे पुसट दिसू लागली, आणि ती पहिल्यांदा घाबरलेली मी ऐकली, फोनवर. शस्त्रक्रिया गुरुवारी दुपारी एकला ठरली. कागदावर नातेवाइकाची सही हवी होती.

“येशील ना?” आईने विचारले.

“अगं, येतो ना,” मी म्हणालो.

त्याच गुरुवारी दहा लाख वापरकर्ते पूर्ण झाल्याचा समारंभ आला. मी आईला कळवणार होतो. पण सकाळी घाई झाली, मग भाषण आले आणि भाषणात प्रात्यक्षिक आले. भरल्या सभागृहासमोर मी आईच्या नावापुढचे ‘येतो’ दाबले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

शहराच्या त्या टोकाला आई चपला घालून, तपासण्यांची पिशवी मांडीवर घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. फोन वाजला. तिने चार मिनिटे वाट पाहिली. मग आणखी चार. अशी अकरा वेळा चार मिनिटे झाल्यावर ती उठली, कुलूप लावले, दोनदा ओढून बघितले आणि बसने एकटी दवाखान्यात गेली.

“सोबत कोण आहे?” नोंदणीच्या खिडकीतल्या बाईंनी विचारले.

“मुलगा.”

“कुठे आहे?”

चौतीस वर्षांत एकही चूक नजरेतून सुटू न दिलेल्या माझ्या आईने फोन पुढे केला. ‘तुमची व्यक्ती येत आहे.’

खिडकीतल्या बाईंनी तो निरोप वाचला आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. “बसा हं मावशी. माझाही येतोय. दोन वर्षं झाली.” त्यांनी नातेवाइकाच्या सहीच्या जागी ‘येत आहे’ असे लिहून वर शिक्का मारला.

मी संध्याकाळी आईच्या घरी पोचलो, समारंभाचे मानचिन्ह हातात तसेच. आईच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. (ही बाब ॲपमध्ये मोजता येत नसल्याने तिचा आलेख जोडलेला नाही.)

“बस,” ती म्हणाली. “तुझ्या त्या बटणात एक चूक राहून गेलीय.”

“कोणती गं?”

“‘येतो’ हे क्रियापद झालं. त्याला कर्ता लागतो. मी जगाला सांगत फिरते, मुलगा माझा कर्ता आहे म्हणून. आणि घरी नुसतं क्रियापद येतं.”

तिनेच मग पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला, कारण मी धापा टाकत होतो. तिची सूचना मी दुसऱ्याच दिवशी बैठकीत मांडली. मेहुण्याने प्रामाणिकपणे विचारले, “पण भावोजी, कर्ता आणायचा कुठून?” विषय पुढील आवृत्तीवर ढकलण्यात आला.

शेवटचे तत्त्व वापरकर्त्याच्या निवडीविषयी आहे. उत्तम वापरकर्ता कसा असावा? तर तुमच्यासारखा. आईचे ते कर्त्याचे वाक्य वाचताना तुम्ही क्षणभर थांबलात, एक विशिष्ट माणूस तुमच्या डोळ्यांसमोर आला, त्याला फोन करावा असे वाटले आणि ‘एवढं वाचून झालं की करतो’ असे मनात म्हणून तुम्ही सरळ पुढे वाचत इथवर आलात. अशी माणसे आम्हाला फार आवडतात.

तर, वाचून झाले आहे.