दोन थेंबांऐवजी चार हात

रंगाच्या बाबतीत मला कोणी काही शिकवायला येऊ नये, हे आधीच सांगून ठेवतो. रंगाच्या दुकानात शेड जुळवायचं काम मी लग्नाच्या आधीपासून करतोय. गिऱ्हाईक भिंतीचा नखाएवढा टवका घेऊन येतं आणि मी तसाच्या तसा रंग डब्यात कालवून देतो. पांढऱ्यात किती पांढरे असतात ते मला विचारा! आमचे मालक शेड जुळवायचं मशीन आणणार होते. माझं काम बघून त्यांनी तो बेत रद्द केला. (मशीन महाग होतं म्हणून रद्द केला, असंही एक मत दुकानात आहे. असो.)

तर अशा माणसाला स्वतःच्या थोबाडाचा रंग सांभाळता येऊ नये, याला काय म्हणावं?

झालं असं, की माझे सासरे बल्ब बदलायला स्टुलावर चढले आणि खुब्याचं हाड मोडून खाली आले. ऑपरेशन लवकर व्हायला हवं होतं. या वयात माणूस जितका पडून राहील तितकं वाईट, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. अडचण होती रक्ताची. सासऱ्यांचा गट ओ निगेटिव्ह. हॉस्पिटलच्या रक्तपेढीत त्या गटाची एकच पिशवी शिल्लक होती आणि दुसरी हाताशी असल्याशिवाय डॉक्टर चाकू उचलणार नव्हते. तो गट अख्ख्या गोतावळ्यात एकाच माणसाचा होता. माझा!

ठरलं. परवा मी रक्त द्यायचं, तेरवा ऑपरेशन. मी छाती पुढे काढून सासऱ्यांच्या खाटेपाशी उभा राहिलो. सासरे निवृत्त मुख्याध्यापक. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ते माझ्याशी थेट बोलत नाहीत. मी पंख्याच्या बटणाला टेकून उभा असलो तरी मुलीला म्हणतात, "त्यांना सांग, पंखा कमी करा." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि माझ्या बायकोला विचारलं, "यांच्या अंगात आहे का तेवढं? चेहरा बघ. पातळ चुन्यासारखा."

मला हे फार लागलं. शेडसुद्धा बरोबर सांगितली होती, म्हणून जास्तच लागलं.

त्या क्षणी मी ठरवलं, की परवा रक्तपेढीत शिरताना माझा चेहरा असा तुकतुकीत दिसला पाहिजे, की म्हाताऱ्याने स्वतःहून म्हणावं, वा! हातात दिवस थोडे होते. पण भिंत उठावदार कशी करायची हे मला कळतं. आधी आतून भरायची, मग वरून हात द्यायचे. आमच्याकडे रंगाच्या थराला 'हात' म्हणतात.

आतून भरायला औषधाच्या दुकानातून व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या गोळ्यांची बाटली आणली.

"दिवसाला एक," औषधवाला म्हणाला.

"आणि घाई असेल तर?"

"तरी एक."

सावध धंदा आहे, सावधच बोलणार. मी दिवसभर शेड कालवता कालवता गोळ्या चघळत राहिलो. आंबटगोड लागत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाटलीचा तळ दिसला.

वरच्या हातासाठी बायकोचं सिरम होतं. व्हिटॅमिन सीचं, गडद काचेच्या इवल्याशा बाटलीतलं. ती ते फ्रिजमध्ये अंड्यांच्या मागे लपवून ठेवते आणि रोज मोजून दोन थेंब लावते. दोन थेंबांत खिडकीची चौकटसुद्धा होत नाही. पण बायको वडिलांजवळ हॉस्पिटलात राहायला गेली होती, त्यामुळे अडवायला कोणी नव्हतं. दुपारी जेवायला घरी आलो तेव्हा मी अख्खी बाटली वाटीत ओतली. काडीने नीट ढवळली. ढवळल्यावर बुडबुडे आले, म्हणून वार्निश ठेवतो तशी ती वाटी बुडबुडे बसायला खिडकीत उघडी ठेवली. उन्हात.

संध्याकाळी येऊन बघतो तर पाण्यासारखं असलेलं सिरम छान नारिंगी झालेलं. आमच्या धंद्यात रंग खुलला की माल मुरला असं समजतात. मी खूश झालो. चेहऱ्याला चार हात दिले, प्रत्येक हात वाळू देऊन. मानेलाही दिले. नर्सबाईंना शीर दिसायला सोपी जावी म्हणून दोन्ही हातांवर कोपरापर्यंत दिले. एका जागी कमी, एका जागी जास्त नको, म्हणून तळव्यांनी सारखं केलं आणि झोपलो.

सकाळी आरशात एक सागवानी दरवाजा उभा होता.

थट्टा करत नाही. नव्या दरवाज्याला वार्निशचा पहिला हात दिल्यावर जो पिवळट तांबूस रंग येतो, तो माझ्या कपाळापासून गळ्यापर्यंत पसरला होता. भुवयांपाशी थेंब साचून ओघळ आले होते. तळवे तर आणखी गडद! साबण लावला, फरक नाही. तुरटी घासली, फरक नाही. शेवटी ब्रश धुवायला घरी ठेवलेलं स्पिरिट कापसावर घेऊन पुसलं. रंग तसाच राहिला आणि वर अंगाला स्पिरिटचा भपकारा सुटला.

तेवढ्यात बायको आंघोळीला म्हणून घरी आली. दारातच थांबली.

"अहो, हे काय झालं तुम्हाला?"

"काही नाही, जरा तेज आलंय."

तिने वाटी बघितली, रिकामी बाटली बघितली, उशीचा अभ्रा बघितला. अभ्र्यावर माझं तोंड नाकाडोळ्यांसकट उमटलं होतं. ती मटकन खुर्चीत बसली.

"खराब झालं की ते नारिंगी होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "म्हणून तर मी ते अंधारात ठेवते. आता हा रंग कातडी निघेल तसाच निघेल. आणि दहा वाजता तुमचं रक्त घ्यायचंय."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्या पोटात गोळा आला. निदान मला तेव्हा तो गोळा चिंतेचा वाटला.

हॉस्पिटलच्या पायरीवरच सासूबाई भेटल्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. "जावईबापू, ही तर कावीळ."

"नाही हो आई, ते वरून लावलंय."

"पहिल्यांदा सगळे असंच म्हणतात," माझा मेव्हणा म्हणाला. हा विमा विकतो, त्यामुळे सगळे रोग त्याला तोंडपाठ. "भाऊजी, जरा लांब उभे राहा. तळवे दाखवा. बघ आई, तळवेसुद्धा."

कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. इथे अख्ख्या जगाला मी पिवळा दिसत होतो! लिफ्टमधल्या एका बाईंनी आपलं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं.

रक्तपेढीतल्या नर्सबाईंनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि हातातली सुई परत ट्रेमध्ये ठेवली. मग हवा हुंगली.

"सकाळी सकाळी घेऊन आलात?"

"ते स्पिरिट आहे, सिस्टर. तोंड पुसलं."

"स्पिरिटने?"

"मी रंगाच्या दुकानात असतो," मी खुलासा केला. त्याने काहीच खुलासा झाला नाही.

रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाईंना बोलावणं गेलं. तोवर वरच्या मजल्यावरून निरोप आला, की दुसरी पिशवी दुपारपर्यंत मिळाली नाही तर उद्याचं ऑपरेशन रद्द. मोठे सर्जन नंतर आठवडाभर गावाला जाणार होते. सासूबाई बाकावर बसून नुसत्या हात चोळत होत्या. बायको माझ्याकडे बघतही नव्हती. वर एक म्हातारा मोडक्या हाडाने कण्हत पडला होता आणि खाली मी, त्याला इंगा दाखवायला निघालेला, दरवाज्यासारखा उभा. मला माझी इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी माझी पापणी खाली ओढून डोळे बघितले, नखं बघितली, मग ओल्या कापसाने कानामागे घासलं. "डोळे स्वच्छ पांढरे आहेत. कानामागे रंगच नाही. काय लावलंत?"

मी सगळं सांगितलं. वाटी, काडी, खिडकी, चार हात. नर्सबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते.

"ठीक आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रंगाने रक्ताला काही होत नाही. घेऊ या."

सासूबाईंनी हात जोडले. बायकोने घरून निघाल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मी खुर्चीत बसलो, बाही वर केली. सुटलो!

"बाकी तब्येत? ताप, खोकला? पोट ठीक आहे ना?"

आता इथे मी काय करावं, सांगा? हो म्हणालो असतो तर काम झालं असतं. मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी पोटच बोललं. असं बोललं, की शेजारच्या खुर्चीतल्या रक्तदात्याने डोळे उघडले. चिंतेचा वाटलेला तो गोळा चिंतेचा नव्हता.

"गोळ्या किती खाल्ल्या होत्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी उत्तर द्यायला थांबलो नाही. स्वच्छतागृह व्हरांड्याच्या टोकाला होतं आणि मी नारिंगी पट्ट्यासारखा तिकडे धावलो. परत आलो, पुन्हा गेलो. तिसऱ्यांदा परत आलो तेव्हा निकाल लागला होता. ढाळ होणाऱ्या माणसाचं रक्त घेत नाहीत.

 

"मुलगा आहे ना यांना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सगळे मेव्हण्याकडे वळले.

"माझा उपयोग नाही. माझा गट आईवर गेलाय," मेव्हणा घाईघाईने म्हणाला.

"कधी तपासलात?"

"तपासायला कशाला हवा? नाक बघा ना माझं, अगदी आईचं आहे."

नर्सबाईंनी त्याचं बोट धरलं आणि त्याला कळायच्या आत टोचलं. थोड्या वेळाने त्या काचपट्टी घेऊन आल्या. "ओ निगेटिव्ह."

दुसऱ्याच्या विम्यासाठी शेकडो लोकांना तपासणीला पाठवणाऱ्या त्या माणसाने स्वतः जन्मात सुई बघितली नव्हती, हे त्या दिवशी कळलं. त्याचा चेहरा असा पडला, की मला शेड सांगता आली असती, पण मी सांगितली नाही. तो खुर्चीत बसला, डोळे गच्च मिटले आणि म्हणाला, "भाऊजी, हात धरा." मघाशी मला लांब उभं करणाऱ्याने माझा नारिंगी पंजा पिशवी भरेपर्यंत सोडला नाही. मी पोट आवळून उभा राहिलो. कसा, ते माझं मलाच ठाऊक.

ऑपरेशन झालं, अगदी व्यवस्थित झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्हाला आत सोडलं. मेव्हणा दंडावर पट्टी मिरवत सगळ्यांत पुढे होता. मी मुद्दाम पडद्याच्या आड राहिलो. सासऱ्यांनी डोळे उघडले, मेव्हण्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं आणि मग त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. ती हटेना. ओठ हलले. मी कान जवळ नेला. आता काय ऐकावं लागणार, देव जाणे.

त्यांनी माझा हात धरला. "अहो," ते म्हणाले, थेट मला, "कावीळ अंगावर काढून तुम्ही माझ्यासाठी धावताय?" मग नर्सला म्हणाले, "माझं राहू द्या. आधी आमच्या जावयांना बघा."

मेव्हण्याने तोंड उघडलं. बायकोने त्याच्या पायावर पाय दिला.

 खरं सांगतो, माणूस इतक्या प्रेमाने विचारत असताना सिरमची गोष्ट कुठून काढायची? त्या दिवसापासून सासरे मला रोज जवळ बसवतात, उसाचा रस पाजतात, डोळे तपासतात. मुलाने रक्त दिलं हे त्यांना सांगितलंय. "चांगलं केलं," म्हणाले, आणि पुन्हा माझ्या यकृताची चौकशी.

पण रविवारी सकाळी आरशात बघितलं तर कपाळ पांढरं पडायला लागलेलं. गालांचे टवके निघालेले. सासऱ्यांना घरी सोडायला अजून अवकाश होता.

बायको न्हाणीघराच्या दारात येऊन उभी राहिली. माझ्या हातात नवी बाटली होती आणि खिडकीत वाटी.

"आता हे काय?"

"टचिंग," मी म्हणालो. "बाबांना घरी सोडेपर्यंतच."