एका कुटुंबास एकच

माणसाची खरी पारख संकटात होते असं म्हणतात. ज्यांनी हे म्हटलं त्यांच्या काळी सवलतीची कूपनं नसावीत. संकटात कोणीही धीर धरतो. मागे अकरा माणसं ताटकळत असताना खिशातून घडी घातलेला कागद काढून "हे चालेल ना?" असं विचारायला जी छाती लागते, ती वेगळी.

ती आमच्या हेडक्लार्कसाहेबांकडे होती. एकतीस वर्षं विवाह नोंदणी कार्यालयात काढल्यामुळे कागद, अट आणि शिक्का या तिन्हींवर त्यांची अढळ श्रद्धा होती (पैकी शिक्का निवृत्तीच्या दिवशी जमा करावा लागला). रविवारी पेपर आला की ते बातम्यांच्या आधी कात्री काढत. वहिनींच्या हाती पेपर यायचा तो खिडक्या पाडलेला. अर्धी बातमी वाचून उरलेली मनाने पुरी करायची त्यांना सवय झाली होती, आणि त्यात फारशी चूक होत नसे.

कूपन दाखवल्यावर रांगेत काय काय घडतं, याची साहेबांनी रीतसर पाहणी केली होती. पहिल्या अर्ध्या मिनिटात सरासरी तीन उसासे. एका मिनिटाला कोणीतरी घड्याळ बघतो (ज्याच्याकडे घड्याळ नसतं तो नुसतं मनगट बघतो). दीड मिनिटाला "वेळ तरी किती असतो लोकांना" हे वाक्य, स्वतःशीच, पण शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. दोन मिनिटांनी एकजण वैतागून शेजारच्या रांगेत जातो, आणि मग ती रांग थांबते. या सगळ्याचा साहेबांवर शून्य परिणाम होई.

पेच पडला तो कपड्यांच्या पावडरीमुळे. एका पुड्यावर एक पुडा मोफत, कूपनं हाताशी दोन (दुसरं शेजाऱ्यांच्या पेपरातलं, त्यांना कळवायचं राहून गेलं), आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात अट: एका कुटुंबास एकच. अट मोडणं साहेबांच्या रक्तात नव्हतं. म्हणून त्यांनी कुटुंब मोडायचं ठरवलं. तात्पुरतं, दुकानापुरतं. रांगेत दोघांनी मध्ये दोन माणसं सोडून उभं राहायचं, आणि कूपनामागच्या रकान्यात वहिनींनी माहेरचा पत्ता घालायचा.

"म्हणजे आपण एकमेकांना ओळखत नाही, असं दाखवायचं," साहेब म्हणाले.

"चौतीस वर्षांत कुठे ओळखलंत," वहिनी म्हणाल्या. "उभी राहते मी. पण 'हे माझे कोणी नाहीत' असं मी काही म्हणणार नाही. ते तुमचं तुम्ही बघा."

साहेबांनी ही हरकत ऐकली आणि दफ्तरी दाखल केली.

दुकानात सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. साहेबांनी कूपन पुढे केलं. कॅशियर म्हणाली, "मागे नाव, पत्ता, सही." साहेब चष्मा शोधू लागले. सदऱ्याचा खिसा झाला, पँटचे दोन्ही झाले, पुन्हा सदऱ्याचा झाला. तिसऱ्या फेरीला मागून आवाज आला:

"अहो, माझ्या पर्समध्ये आहे."

'अहो' म्हटल्याबरोबर रांगेतले सगळे पुरुष वळले. एक तेवढा वळला नाही (तो अविवाहित असावा, किंवा फार मुरलेला). कॅशियरने वहिनींच्या हातातलं कूपन बघितलं, साहेबांचं बघितलं.

"या आपल्या कोण?"

हाच प्रश्न साहेबांनी एकतीस वर्षं टेबलापलीकडून हजारो माणसांना विचारला होता. उत्तर द्यायला जो अडखळला, त्याला त्यांनी बाकावर बसवून ठेवलं होतं. आता ते स्वतः अडखळले. एका बाजूला पुडा, दुसऱ्या बाजूला वहिनी.

"कोणी नाही," ते म्हणाले. "ओळखीच्या आहेत."

वहिनींचा चेहरा एकदम उतरला. पुढे होऊन त्यांनी चष्मा दिला. "घ्या हं, काका." मग आपलं कूपन दिलं, पुडे घेतले आणि मागे न बघता घरी गेल्या. व्यवहार नियमाप्रमाणे पूर्ण झाला.

सोमवारी सकाळी दोरीवर फक्त साड्या वाळत होत्या. साहेबांचे सदरे बादलीत कोरडेच.

"ओळखीच्या माणसांचे कपडे मी धूत नाही," वहिनी म्हणाल्या. "पावडर आहे की तुमची."

साहेबांनी आठवडाभर सदरे धुतले. पावडर भरपूर होती. बुधवारी तीन बटणं गेली, शुक्रवारी झोप. घरात बोलणं "भाजी हवी का, काका" एवढंच. त्या 'काका'ने ते पार खचले. पुढच्या रविवारी त्यांनी वहिनींना कसंबसं बरोबर घेतलं, दुकानात गेले आणि मोफतचा पुडा काउंटरवर ठेवला.

"मागच्या रविवारी मी खोटं सांगितलं. या माझ्या पत्नी आहेत."

"मोफतचा माल परत घेता येत नाही," कॅशियर म्हणाली. "आणि पत्नी असल्याचा काही कागद आहे का?"

कागद नव्हता. हजारो लग्नं नोंदवताना स्वतःचं राहून गेलं होतं. मागे तीन उसासे पडले. साहेब मान खाली घालून उभे राहिले. मग वहिनी पुढे झाल्या, पुडा पिशवीत टाकला आणि म्हणाल्या, "चला अहो, लोक खोळंबलेत." रांगेतले पुरुष पुन्हा वळले.

आता आपण हसत असाल, तर हसा. पण मागच्या वेळी आपल्या घरच्या माणसाने काउंटरवर कूपन काढलं, तेव्हा आपण हळूच चार पावलं बाजूला सरकून गोळ्यांच्या पाकिटावरचा मजकूर इतका मन लावून वाचत होता, तो कशासाठी? साहेबांना बायको नाकारल्याबद्दल निदान एक पुडा तरी मिळाला. आपण तर आपलं माणूस फुकटात नाकारलंत.