चौथ्या मजल्याची टोपली

कैरोच्या शुब्रा भागातल्या सतरा नंबरच्या इमारतीत भाजी जिना चढत नाही. ती टोपलीत बसते आणि दोरीने गॅलऱ्यांसमोरून वर जाते. ही व्यवस्था कुणी मंजूर केलेली नव्हती, म्हणूनच साठ वर्षं सुरळीत चालली होती.

चौथ्या मजल्यावरच्या इन्शिराहला या बाजाराचं भारी वेड. गुडघे कुरकुरायचे, पण गळा खणखणीत होता. सकाळी गॅलरीतून ती हाक मारायची, "दसूकीभाऊ, कालच्या काकड्या तुझ्या सासऱ्याला ने. मला आजच्या दे."

"तामिरच्या आई, त्याला दिल्या तर बायको याच टोपलीत बसून माहेरी जाईल," भाजीवाला खालून म्हणायचा आणि दोन काकड्या जास्त टाकायचा.

डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, शौकीला, महिन्याची मुदत दिली होती. साखर उतरली नाही तर रोज सुई. शौकी फौजेत तोफेजवळ उभा राहिलेला माणूस, पण सुईचं नाव काढलं की बसायला खुर्ची शोधायचा. इन्शिराहने तुपाचा डबा भाचीला देऊन टाकला. टोपलीतून मुलूखियाची पालेभाजी, मसूर, जिरजीरची तिखट पानं येऊ लागली. पंधरवड्यात शौकीचा पट्टा एक भोक आत सरकला. टोपली सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जात असल्याने ही बातमी घरातली राहणं शक्यच नव्हतं.

पहिल्या मजल्यावर उस्ताद फिक्री राहत. ते वजनमापं खात्यातून निवृत्त झाले होते, त्यांचे शिक्के झाले नव्हते. एखादी चांगली गोष्ट विनापरवाना चाललेली त्यांना पाहवेना. त्यांनी 'निरोगी टोपली समिती' स्थापन केली. यापुढे प्रत्येक टोपली पहिल्या मजल्यावर थांबेल, तिथे तपासणी होईल. दुसऱ्या मजल्यावर तहानीबाई फेरतपासणी करतील. तक्रार असल्यास अपील तिसऱ्या मजल्यावर. तिथले मालक नऊ वर्षं कुवेतमध्ये होते.

पहिल्याच दिवशी जिरजीरची जुडी नऊला निघाली आणि साडेअकरापर्यंत उन्हात लोंबकळली.

"नामंजूर," उस्ताद म्हणाले. "कलम नऊ. कोमेजलेला माल वर जाणार नाही."

"उस्ताद, तुमच्याकडे आली तेव्हा टवटवीत होती हो."

"वहिनी, समिती माल तपासते. घड्याळ तपासणं आमच्या अधिकारात नाही."

हळूहळू न कोमेजणारा मालच तेवढा वर पोहोचू लागला. म्हणजे पुडे. बिस्किटांच्या पुड्यावर लाल हृदय आणि हिरवं पान छापलेलं असे. अशा मालाला तपासणी माफ होती, कारण तो कारखान्यातूनच निरोगी होऊन येत असे. शौकी निर्धास्तपणे दिवसाला एक पुडा संपवू लागला.

"अहो, पुरे."

"शिक्का आहे, बाई. शिक्क्याचा मान ठेव."

पट्टा पुन्हा एक भोक बाहेर आला. मुदतीला नऊ दिवस उरले.

शुक्रवारी दुपारी पुरुष नमाजला गेलेले पाहून इन्शिराहने देवाचं नाव घेतलं आणि स्वयंपाकघरामागचा लोखंडी गोल जिना, एका हाताने कठडा आणि दुसऱ्याने गुडघा धरत, उतरली. दसूकीने भाजी तयार ठेवली होती. ओढणीखाली दोन जुड्या लपवून ती परत चढू लागली, तर पहिल्या वळणावर तहानीबाई. त्यांच्या हातात तुपाचा डबा. खालून पावलं वाजली म्हणून दोघींनी वाकून पाहिलं. उस्ताद फिक्री. ते सकाळीच सगळ्यांना सांगून मशिदीत गेले होते. त्यांच्या हातात बसबूसाचा, म्हणजे रव्याच्या गोड वड्यांचा, खोका होता आणि त्यातून पाक गळत होता.

मशिदीच्या लाउडस्पीकरवर शेखसाहेबांचा गोड आवाज लागला होता, "तो उघडं पाहतो, तसं झाकलेलंही पाहतो."

"हा नमुना आहे," उस्ताद खोक्याबद्दल म्हणाले. मग त्यांना ओढणीखालचं हिरवं पान दिसलं आणि त्यांचा आवाज परत आला. "बिनशिक्क्याची भाजी! तहानीबाई, गणसंख्या पूर्ण आहे. सभा इथेच घेऊ."

"घ्या ना," इन्शिराह पायरीवर टेकत म्हणाली. "इतिवृत्तात जागा लिहा, वेळ लिहा. कोण हजर होतं आणि कुणाच्या हातात काय होतं, तेही लिहा. तुमचं अक्षर किती सुरेख."

पाकाचा एक थेंब तेवढा टपकला.

सभेने एकमताने ठरवलं की, चौथ्या मजल्याची टोपली प्रायोगिक तत्त्वावर न थांबता वर जाईल.

नऊ दिवसांनी डॉक्टरांनी शौकीचा कागद वाचला आणि सुईची पेटी बाजूला सारली. शौकी तरीही खुर्चीत बसला, पण या वेळी हसत. समितीने तो कागद चौकटीत घालून दारात लावला आणि खाली लिहिलं, 'कडक तपासणीचं फळ'.

आता शेजारच्या इमारतींतले लोक समिती पाहायला येतात. नियमांची प्रत मागतात, शिक्का हाताळून बघतात, आणि जाताना आवाज खाली आणून विचारतात, "मागचा जिना कुठून आहे हो?"

त्यांना हसू नका. तुमच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, ओट्सच्या डब्यामागे एक डबा आहे. आज तिथपर्यंत कितीदा चढलात?