स्वयंपाकघरातून जाणारी वाट

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी बेल वाजली. दार उघडलं तर समोर काळा लोकरी कोट घातलेला एक उंच म्हातारा. त्याच्या हातात लाकडी क्रूस आणि त्याच्यामागे पार गेटापर्यंत चाळीसेक माणसं. म्हाताऱ्याने अदबीने मान लववली आणि म्हणाला, "बाय, जरा बाजूला हो. आमाला तुज्या किचनमदून जावाचा हाय."

हे एक्याऐंशी सालचं. मरोळच्या त्या नव्या सोसायटीत आम्हाला जेमतेम तीन महिने झाले होते. तळमजल्याचा ब्लॉक, दारावर 'सावंत' अशी पाटी, आत मी, सासूबाई आणि हे. हे गालाला दाढीचा फेस तसाच ठेवून बाहेर आले आणि गर्दी बघून पुन्हा आत गेले. आयुष्यातल्या सगळ्या कठीण प्रसंगी त्यांनी हेच केलं आहे.

म्हाताऱ्याचं नाव पास्कू डिमेलो. आमच्या सोसायटीला लागून जुनं ख्रिस्ती गावठाण होतं, तिथे ते राहायचे. एका कंपनीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले, बायको केव्हाच वारलेली, मुलगा बहरीनला. त्यांनी उंबऱ्यातच मला खुलासा केला. त्यांच्या आजोबांच्या काळात प्लेगने अर्धं गाव नेलं. उरलेल्यांनी सांत बस्त्यावला, म्हणजे संत सेबास्टियनला, नवस केला की दर वर्षी गावातून टेकडीवरच्या त्याच्या कपेलापर्यंत, म्हणजे छोट्या चर्चपर्यंत, चालत येऊ. चालायचं ते त्याच पायवाटेने, आणि एकही वर्ष चुकवायचं नाही. वाट शेतांतून जायची. पुढे शेतं गेली, इमारती आल्या, आणि बिल्डरने आमची इमारत नेमकी वाटेवर आडवी टाकली. त्यामुळे वाट आता आमच्या पुढच्या दारातून शिरत होती, टीव्हीसमोरून स्वयंपाकघरात जात होती आणि मागच्या बाल्कनीतून खाली उतरत होती.

"पण बाहेरून चांगला डांबरी रस्ता आहे की टेकडीपर्यंत," मी म्हटलं.

"रस्ता मुन्शिपालटीचा, बाय. नवस वाटेचा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "दोनच मिन्टां. आमी आलोच नाय असा समज."

चाळीस माणसं, एक क्लॅरिनेट आणि एक व्हायोलिन माझ्या पोह्यांच्या कढईवरून जाणार, आणि मी ती आलीच नाहीत असं समजायचं! मी काही बोलणार एवढ्यात सासूबाई देवपूजा अर्धी टाकून बाहेर आल्या. सासूबाई मालवणच्या. आता भांडण पेटणार म्हणून मी मनातून खूश झाले. त्यांनी सगळ्यांना एकदा नीट पाहून घेतलं आणि कडाडल्या, "पायातला काडा आधी!"

एवढंच. सगळ्यांनी वहाणा काढल्या, हातात घेतल्या, आणि ती मिरवणूक क्रूस, वाद्यं आणि ऐंशी चपला-बुटांसह गात गात आमच्या ओट्याला वळसा घालून गेली. देव्हाऱ्यापुढे पास्कू अंकल थांबले, गणपतीला वाकून नमस्कार केला, मग स्टुलावरून मागच्या अंगणात उतरले. पुढच्या वर्षीपासून वहाणा हातात घेणं हाही त्या यात्रेचा विधी झाला. कोणी नवखा तसाच शिरू लागला की अंकलच ओरडायचे, "पायातला काडा आधी!" आणि तेही मालवणीत.

सणाच्या आदल्या आठवड्यात ते वाट तपासायला यायचे. हात पाठीमागे बांधून आमच्या घरातून फिरायचे आणि तक्रारी सांगायचे. आम्ही हौसेने फ्रीज घेतला तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "बाय, फ्रीज वाटेत आला." मी म्हटलं, तो भिंतीला लागून आहे. त्यांनी पावलं मोजून दाखवली. क्रूसवाला जाईल, क्लॅरिनेटवाला जाईल, पण फिलोमिना काय जाणार नाय. फिलोमिनाबाई खरंच भारी होत्या. फ्रीज हॉलमध्ये आला तो कायमचा. पाहुण्यांना आम्ही स्वयंपाकघरातला प्लगपॉइंट बिघडलाय असं सांगत असू.

शिवाय चौकशा. ओट्यावर बाटली दिसली की, "यो औषध कोनाचा?" सासूबाईंचं. कशाचं? ब्लडप्रेशरचं. किती हाय? कॅलेंडरवर कुठे गोल दिसला की, हा कसला? यांची प्रमोशनची परीक्षा. कवा निकाल? मला या भोचकपणाचा मनस्वी राग यायचा. एकदा तर मी औषधांचा डबाच कपाटात लपवला, तर म्हणतात, "डबा कुटं गेला? बरी झाली काय मोटी बाय?" 

मात्र एक प्रश्न त्यांनी मला कधीच विचारला नाही. लग्नाला पाच वर्षं झाली होती, सात झाली, आणि सोसायटीत पाणी भरतानासुद्धा बायका "काय विशेष?" म्हणून माझ्या पोटाकडे बघायच्या. पास्कू अंकल फक्त सासूबाईंच्या गोळ्या मोजायचे. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांना बाकीचं सगळं माफ करत असे.

मग सोसायटीचे सेक्रेटरी जागे झाले. तळमजल्यावर चोऱ्या होतात, सर्वांनी मागे लोखंडी ग्रिल बसवावं, अशी नोटीस लागली. वर तोंडी निरोप, की बाहेरच्या लोकांचं येणं-जाणं आपोआप बंद होईल. पास्कू अंकल त्या दिवशी आमच्याकडे येऊन नुसते बसले. चहासुद्धा घेतला नाही. सासूबाईंनी लोहाराला बोलावलं आणि सांगितलं, "ग्रिल बसव, पण तेका दार ठेव. फिलोमिना जायत येवढा." सेक्रेटरी विचारायला आले, ग्रिलला दार कशाला? "हवा येवक होयी," सासूबाई म्हणाल्या. एवढ्या गंभीरपणे की सेक्रेटरींनी लिहून घेतलं.

वाट राहिली, पण माणसं राहीनात. गावठाणातली पोरं आखातात गेली, घरं विकून कुटुंबं वसईला गेली. चाळिसांची पंचवीस झाली, मग अकरा. फिलोमिनाबाई मुलीकडे कॅनडाला गेल्या. व्हायोलिन थांबलं, मग क्लॅरिनेट. सासूबाईंनी मात्र यात्रेकरूंचा पाहुणचार पाण्याच्या जागी सरबत, सरबताच्या जागी चहा-लाडू असा वाढवतच नेला होता. दर वर्षी लाडू उरू लागले तशी त्यांची चिडचिड होऊ लागली. शेवटी उरले दोघंच, पास्कू अंकल आणि त्यांचे मित्र इनास. अंकल म्हणाले, "दोगं पुरं. एक मागनारा, एक ओ देनारा. दोगं हायत तवर नवस मोडत नाय."

त्या दिवाळीच्या सुमाराला इनास वारले.

जानेवारीत तो रविवार आला तेव्हा सासूबाई सकाळपासून दाराकडे कान लावून होत्या. बेल वाजली. पास्कू अंकल एकटेच उभे होते. तोच काळा कोट, हातात क्रूस, आणि बूट आधीच काढून काखेत धरलेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "जाताव, बाय," म्हणाले. "आमी आलोच नाय असा समज." ते एकट्याच्या पावलांनी स्वयंपाकघरात गेले, देव्हाऱ्याला वाकले आणि ग्रिलच्या दाराशी थांबले. पुढे त्यांचा पाय उचलेना. मला इतकं वाईट वाटलं की मी उगाच ओटा पुसू लागले.

"कोण ओ देतलो तुमका?" सासूबाईंनी विचारलं.

अंकलनी काखेतले बूट सावरले.

"माझ्यान आता टेकडी चढवाची नाय," सासूबाई माझ्याकडे वळल्या. "तू जा गो."

मला खरं म्हणजे लाज वाटत होती. अख्खी सोसायटी गॅलऱ्यांतून बघणार. पण मी हात पुसले, चपला हातात घेतल्या आणि माझ्याच घराच्या मागच्या दारातून पहिल्यांदाच खाली उतरले. इतकी वर्षं मला त्या वाटेची फक्त आमच्या घरातली बावीस पावलं माहीत होती. पुढे ती एका लेथ मशीनच्या गाळ्यातून गेली, तिथल्या कामगाराने काही न विचारता शटर वर केलं. मग चाळीतल्या गायकवाडांच्या पडवीतून, मग एका बंगल्याच्या आवारातून, तिथे लंगडा कुत्रा आमच्याबरोबर कुंपणापर्यंत आला. प्रत्येक ठिकाणी अंकल थांबायचे, निरखून बघायचे, दोन प्रश्न विचारायचे आणि पुढे जायचे.

कपेल म्हणजे टेकडीवरची एवढीशी खोली. आत बाण लागलेला सांत बस्त्याव आणि दोन बाकं. पास्कू अंकल पुढे गुडघ्यांवर बसले. मला म्हणाले, "मी नाव घेन. तू बोल, 'सांभाळ, सायबा.'" मला वाटलं, संतांची नावं घेणार असतील.

"सावंतांची म्हातारी," त्यांनी डोळे मिटून सुरुवात केली. "बीपी. दोनी गुडगे."

मी थक्क होऊन त्यांच्या पाठीकडे बघू लागले. त्यांनी मागे न बघता म्हटलं, "बोल ना."

"सांभाळ, सायबा."

"सावंत. परीक्षा पास. आता साहेब चांगला मिलू दे."

"सांभाळ, सायबा."

म्हणजे नवस चालण्यापुरता नव्हता. वाटेवर जी जी घरं लागतील त्यांच्यासाठी मागायचं होतं. तेव्हा शेतात चार घरं असतील. आता आम्ही होतो, कुठून कुठून आलेले, त्यांच्या वाटेवर भिंती बांधून बसलेले. आणि हा माणूस दर वर्षी आमच्या गोळ्या, आमची कॅलेंडरं बघून टेकडीवर येत होता. त्यांना मी भोचक म्हटलं होतं. मला माझीच शरम वाटली.

"सावंतांची सून," ते म्हणाले आणि थांबले. मग अगदी हळू, "पालना."

 इतक्या वर्षांत मी हे कुणापाशीही बोलले नव्हते, यांच्यापाशीसुद्धा नीट नाही. अंकलनी मान वळवली नाही, घाईही केली नाही. बाहेर कावळे ओरडत होते. मी पदर तोंडाशी धरून म्हटलं, "सांभाळ, सायबा."

मग गाळ्यातल्या कामगाराचं बोट, गायकवाडबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन, त्यांच्या धाकट्याची नोकरी. "बंगल्यातला टायगर. मागचा पाय." मी रडता रडता हसले आणि टायगरलाही सांभाळ म्हटलं.

यादी संपली. अंकल जमिनीला हात टेकून उठायला लागले, तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"अंकल, एक नाव राहिलं."

"कोनचा? सगली घरां झाली."

"तुमचं."

"माजा घर वाटेवर नाय, बाय. वाट माज्या दारातून निंगते."

"असू दे," मी म्हटलं. ते उठायच्या आत मी त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसले आणि हात जोडले. "पास्कू डिमेलो. घरी एकटेच असतात."

 मागणारी आता मी होते, आणि ओ द्यायला तिथे दुसरं कोणीच नव्हतं.  पास्कू अंकलनी कोटाची वरची गुंडी लावली, घसा खाकरला आणि सवय नसलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "सांभाळ, सायबा."