शेवंती बंदर

मार्गशीर्षात आमच्या काजरेबंदराने भरती आत घेणं बंद केलं, कारण त्याला फ्रान्समधल्या लोरियां नावाच्या बंदराचा मत्सर वाटू लागला.

चूक तांडेल मास्तरांची. धक्क्यावर वर्ग भरवून त्यांनी शिकवलं, की साडेतीनशे वर्षांपूर्वी तिथे पूर्वेच्या व्यापारासाठी गोदी उभारली, 'पूर्वेचा सूर्य' नावाचं थोरलं जहाज बांधलं, कामगार त्याला नुसतं 'लोरियां', म्हणजे 'पूर्व', म्हणू लागले आणि गावाला तेच नाव पडलं. बंदर ऐकत होतं.

"पूर्वेक आसंय मी, आणि नाव तेचा?" ते म्हणालं. "माका काजऱ्याच्या झाडाचा नाव नको. जहाजाचा व्हया. तवसर पाणी आत घेवचंय नाय."

मी बंदर निरीक्षक. मागणी मला रास्त वाटली. पण गावात मोठा असा एकच ट्रॉलर, 'शेवंती', आणि तो मालक रमाकांत कुबलसकट बाहेर अडकलेला. डिझेल संपलेलं, पिण्याचं पाणी संपत आलेलं.

शेवंती ही रमाकांतची मोडलेली पहिली सोयरीक. लग्न अनसूयेशी केलं आणि ट्रॉलरवर नाव दुसरीचं रंगवलं. अनसूयेने त्या ट्रॉलरला कधी नारळसुद्धा वाढवला नाही.

बंदराचं आणि गावाचं नाव एकच, आणि ते बदलायला सगळ्यांची संमती लागते. सभेत सगळे हात वर झाले, अनसूयेचा सोडून.

"ट्रॉलराक तिचा नाव दिल्यान, गप रवलंय," ती म्हणाली. "आता आख्ख्या गावाक देवचा?"

"अनसूयाबाई, तो तहानेने मरेल," मी म्हणालो.

"मरांदे. तिच्याच मांडयेर मरतलो."

जळफळाट म्हणजे काय, ते त्या दिवशी सगळ्या सभेने पाहिलं. मग तिने मास्तरांना विचारलं, "त्या जहाजाचा फुडे काय झाला?"

"बुडला."

"आणि गावाचा?"

"गाव आसा अजून."

अनसूयेने हात वर केला.

भरती आली. ट्रॉलर धक्क्याला लागला, रमाकांत उतरला आणि त्याच्या पाठीमागे ट्रॉलर निमूटपणे तळाला गेला. आमचं बंदर अर्धवट काम करत नाही. अनसूया मोकळेपणी हसली आणि नवऱ्याला तांब्याभर पाणी दिलं. पाणी पिता पिता त्याने धक्क्यावरची नवी पाटी वाचली आणि तोही हसला.

आता तो समुद्रावर जात नाही. कुठे राहता, असं कुणी विचारलं की लगेच म्हणतो, "शेवंतीत." अनसूयेलाही तेच सांगावं लागतं.

परवा तिने मला विचारलं, "गाव बुडाक काय काय लागता?"

"आधी बंदराची संमती," मी म्हणालो.

सध्या ती रोज संध्याकाळी धक्क्यावर बसून बंदराशी गोड बोलते. बंदर ऐकत असतं.